बाभळीचे चौदा, बाटलीचा एक

धर्माबादच्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. मिरचीचा ठसका लागला तरी बोलणं मधेच तोडायचं नसतं, ही पहिली. आणि पाणी कधी अडवावं, कधी सोडावं यावर आपलं ठाम मत असलंच पाहिजे, ही दुसरी. पहिली आम्हाला मिरचीच्या बाजाराने शिकवली, दुसरी बाभळी बंधाऱ्याने.

ज्यांना बाभळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणजे आमच्या मानाने. गावातल्या टपरीवर हा विषय काढला की दुसरा चहा सांगावाच लागतो. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीला बंधारा आहे. त्याला दरवाजे १४ आणि पोटात पाणी मावतं २.७४ टीएमसी. हे दरवाजे कधी लावायचे आणि कधी उघडायचे यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश इतके भांडले की शेवटी सर्वोच्च न्यायालयाला त्यात पडावं लागलं. निकाल लागला २८ फेब्रुवारी २०१३ ला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. म्हणजे नदी दुथडी भरून वाहते तेव्हा आम्ही काठावर उभं राहून ती बघायची, आणि पाऊस परतला की दरवाजे लावून मागे राहिलेलं साठवायचं. त्यातलंही ०.६ टीएमसी १ मार्चला खाली सोडायचं. निकालाच्या आधी, जुलै २०१० मध्ये, चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन बंधाऱ्याकडे निघाले होते. पोलिसांनी त्यांना धरून आमच्या आयटीआयमध्ये ठेवलं. फिटर आणि वेल्डर घडवणाऱ्या त्या इमारतीला एका माजी मुख्यमंत्र्याची पायधूळ लागली ती अशी.

एवढं सगळं सांगायचं कारण, अशा गावाला सासरवाडी म्हणून आलेल्या माणसाने दुधाच्या बाटलीचं न गळणारं निपल तयार करायला घेतलं. हा माणूस म्हणजे आमचे दाजी.

ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. २०१७ मध्ये कायदा बदलल्यापासून नोकरदार बाईला १२ आठवड्यांऐवजी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पण रजा कितीही मोठी असली तरी ती संपतेच. त्यामुळे पुण्याला परतायच्या आधी लेकराला बाटलीची सवय लावावी असं ठरलं. दूध ताईचंच, पंपाने काढलेलं. दाजी मेकॅनिकल इंजिनिअर. कंपनीने घरून काम करायची मुभा दिलेली, आणि घर म्हणजे सासरवाडीही चालते असा अर्थ त्यांनी स्वतःच लावून घेतला. मराठवाडा एक्सप्रेस धर्माबादला येऊन संपते. दाजीही आले ते पुढे कुठे जायचंच नाही अशा तयारीने.

मग एका रविवारी आम्ही सगळे बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलो. बासर तेलंगणात असलं तरी आमच्या लेखी ते शेजारचं गाव. बाटली ताईने झाकण नीट लावून पिशवीत ठेवली होती. ती पिशवी जागा पुरेना म्हणून आईने दाजींच्या लॅपटॉपच्या बॅगेत घातली. परतताना बॅग उघडली तेव्हा बाटली रिकामी होती आणि लॅपटॉप भरलेला.

ताई रडली ती लॅपटॉपसाठी नव्हे. अर्धा तास पंप लावून बसल्यावर जेमतेम बाटलीच्या तळाला येणारं दूध असं वाया जाताना बघणं काय असतं, ते त्या बाईलाच ठाऊक. दाजी रडले नाहीत. त्यांनी बाटली उजेडात धरली, निपल दोन बोटांत दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे डिझाइनच चूक आहे."

घरात जावई हा शब्द उच्चारल्यावर पुढची वाक्यं सगळे जपून बोलतात. वडिलांनी आडत दुकानात शेतकरी, व्यापारी, हमाल, कुणाचीही भीड कधी ठेवली नाही. पण घरी येऊन ते म्हणाले, "जावईबापूंनी मनावर घेतलंय म्हणल्यावर होऊन जाईल." आईने दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातला अर्धा ओटा प्रयोगशाळेसाठी मोकळा करून दिला आणि स्वतः राहिलेल्या अर्ध्यात घरातल्या सगळ्यांच्या भाकरी थापू लागली. बोलली फक्त आज्जी. आज्जीचं वय असं की तिला जावई, नातजावई सगळे सारखेच.

"काय करायलेत ते?" तिने मला विचारलं.

"बाटली गळायली म्हणून तिचं निपल सुधारायलेत."

"आमच्या टायमाला बोंडलं हुतं. ते गळत नव्हतं, सांडत हुतं. सांडलं की डोळ्याला दिसतंय."

आज्जीचं बोंडलं अजून घरात आहे. हाताच्या तळव्यावर मावणारी चांदीची वाटी, एका बाजूला चोच काढलेली. लेकराला मांडीवर आडवं घ्यायचं, चोच खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याने गिळलं की मगच पुढचा घोट. ना आटे, ना वायसर, ना भोक. धुवायला बोट पुरतं. दाजींनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि कॅलिपरने चोचीचं माप घेतलं. बोंडलं सासूकडून आलेलं, त्यामुळे आज्जीला तो आपल्या सासूचा अपमान वाटला.

रात्री जेवणं झाली की दाजी आम्हाला बाटलीचा इतिहास सांगत. ऐकायला मी, वडील आणि झोप न आलेली भाची. न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट नावाच्या गृहस्थाने १८४५ मध्ये रबरी निपलाचं पेटंट घेतलं. त्या काळच्या रबराला इतका उग्र वास येई की लेकरं तोंड फिरवत. मग बाटलीला लांबलचक रबरी नळी जोडायची टूम निघाली. आईने नळीचं टोक लेकराच्या तोंडात द्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं. ती नळी आतून धुताच येईना. दूध आत नासायचं, आणि त्यापायी इतकी लेकरं दगावली की तिकडे लोक त्या बाटलीला खुनी बाटली म्हणू लागले. फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून ती बंद केली. इथवर आलं की वडील हमखास म्हणत, "म्हणजे प्रश्न गळण्याचा नव्हताच, धुण्याचा होता." दाजी म्हणत, "तेही बघू." एका वेळी दोन शोध लावायची त्यांची तयारी होती.

आता बाटली का गळते, हे मला दाजींच्या कृपेने इतकं पाठ झालंय की मिरचीचा भाव सांगता सांगता मी तेही सांगू शकतो. बाटली उलटी केली की पहिले काही थेंब पडणारच. दूध खाली आलं की वर अडकलेल्या हवेची जागा वाढते, तिचा दाब कमी होतो आणि ती दुधाला धरून ठेवते. भोक बारीक असेल तर थेंब तिथेच लोंबकळतो. म्हणजे नुसती उलटी ठेवलेली बाटली खरं तर गळायला नको. पण घरात बाटली नुसती ठेवलेली कधी असते? फ्रीजमधलं गार दूध बाटलीत भरायचं, झाकण गच्च आवळायचं आणि बाटली कोमट पाण्यात उभी करायची. आतली हवा तापून फुगते. तिला बाहेर पडायला वाट नसते. मग बाटली कलंडली की ती दुधालाच पुढे ढकलते आणि निपलातून पिचकारी उडते.

हा शोध दाजींना ओट्यापाशी दोन दिवस मांडी ठोकून बसल्यावर लागला. त्यांनी तो मोठ्या उत्साहाने आईला सांगितला. आई भाकरी उलटत होती. पिठाच्या हाताने तिने बाटली उचलली, झाकण अर्धा फेर सैल केलं, 'फुस्स' असा आवाज झाला, आणि झाकण पुन्हा लावून तिने बाटली खाली ठेवली. "मी तर रोज आसंच करते की," ती म्हणाली. जावयापुढे चुकून जास्त बोललो असं वाटून लगेच पुढे जोडलं, "पण तुमी सांगितलं ते बरं झालं. कारण कळालं."

दुसरा प्रश्न त्याच्या उलटा. लेकरू चोखतं तेव्हा दूध बाहेर येतं आणि आत पोकळी वाढत जाते. तिला हवा मिळाली नाही तर निपल आत ओढलं जाऊन चपटं होतं, आणि लेकरू रिकामं तोंड हलवत चिडतं. म्हणून निपलाच्या कडेला हवा आत घ्यायचं एक बारीक छिद्र असतं. झाकण फार आवळलं तर ते छिद्र दबून बंद होतं. सैल ठेवलं तर आट्यांतून दूध झिरपून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ येतो. याच छिद्राला एका बाजूने उघडणारा पडदा बसवला की हवा आत जाते आणि दूध बाहेर येत नाही. आणि ही युक्ती काही कालची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विलायतेत होडीच्या आकाराच्या बाटल्या निघाल्या, त्यांना एका टोकाला निपल आणि दुसऱ्या टोकाला हवेची झडप असे.

तिसरा प्रश्न भोकाचा. पूर्वी रबरी निपलाला घरीच भोक पाडायचे. आमच्याकडेही ती पद्धत होती. सुई चिमट्यात धरून गॅसवर लाल करायची आणि निपलाच्या टोकात खुपसायची. चर्र आवाज, सायकलच्या पंक्चरच्या दुकानातला वास, आणि सुई काढून पाहिलं तर सुईच्या जाडीपेक्षा दुप्पट मोठं भोक. कारण सुई धरणाऱ्या माणसाला वाटतं, आणखी जरासं. मग ते लेकरू एक तर ठसकतं, नाही तर गळ्यापर्यंत भिजतं. दाजींनी सुईवर बंदी घातली. त्यांच्या निपलाला भोक नसणारच होतं. फक्त तीन रेघांची चीर, इंग्रजी वायच्या आकाराची. लेकराने ओढलं की चीर उघडणार, सोडलं की ओठ मिटल्यागत मिटणार.

कागदावर निपल झालं. आता ते हातात हवं होतं. पुण्यातल्या मित्राने थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचा साचा काढून कुरिअरने पाठवला. दाजींनी त्यात खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ओतलं. सकाळी साचा उघडला तर आत निपल नव्हतं, गुळाचा चिकट पाक होता. प्लॅटिनमवर घट्ट होणारं हे सिलिकॉन मोठं सोवळं पाळणारं असतं. रेझिनचा स्पर्श झाला की ते अंग धरत नाही. तेव्हा अॅल्युमिनियमचा साचा करून घ्यायचं ठरलं आणि दाजींना घेऊन मी आमच्या लेथवाल्याकडे गेलो. हा माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून मोटारीच्या शाफ्टपर्यंत काहीही करून देतो, पण काम घेण्याआधी ते कशाचं आहे हे त्याला कळावं लागतं.

त्याने ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं. "फवाऱ्याचं नोझल का?"

"नाही, लहान मुलांसाठी आहे," दाजी म्हणाले.

"लहान फवारा का मग?"

मी कानात सांगितलं. त्याने दाजींकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "जावईबापूची नोकरी हाय ना अजून?"

साचा मात्र त्याने झकास केला. आरशागत आतून चकचकीत. पहिलं निपल बाहेर आलं ते पाहून दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ताईने दारातूनच जाहीर केलं, "हे माझ्या लेकराच्या तोंडात जाणार नाही. कंपनीचं आणलं तरी आयएसआय मार्क बघून आणते मी. हे तर ओट्यावर केलेलं." या वाक्यातला 'हे' निपलाला होता की नवऱ्याला, ते स्पष्ट झालं नाही. पण तिचं बरोबरच होतं आणि दाजींनीही ते मान्य केलं. प्रश्न एवढाच उरला की चाचणी कोणावर घ्यायची.

लेकराचा मामा हा अशा कामांसाठीच असतो.

मी आडत दुकानात बसतो. हंगामात आमच्या दुकानासमोर लाल मिरचीचे ढीग लागतात. 'तेजा' जातीची मिरची घेऊन आलेल्या गाडीचा ताडपत्रीचा दोर सुटला की अर्धा रस्ता शिंकतो. आमच्या अंगाला, कपड्याला, नोटांना मिरची असते. त्यामुळे घरात आल्यावर साबणाने हात धुऊन, कपडे बदलून, वर आज्जीने वास घेऊन पास केल्याशिवाय मला भाचीला हात लावायची परवानगी नाही. म्हणून दाजीच बाटली घेऊन दुकानात आले. बाटलीत साधं पाणी. मला गादीवर बसवून म्हणाले, "दातांचा दाब देऊ नका. जिभेने ओढा."

मी ओढलं. थेंब आला नाही. गाल आत जाईपर्यंत ओढलं. नाही. हमाल पोती टाकून उभे राहिले. नेमके तेव्हाच निझामाबादचे एक जुने व्यापारी दुकानाची पायरी चढले. मिशीवाला आडत्या लोडाला टेकून दुधाची बाटली चोखतोय आणि समोर एक सुशिक्षित माणूस वहीत टिपून घेतोय, हे दृश्य त्यांनी क्षणभर पाहिलं आणि अदबीने विचारलं, "सेठ, तबियत तो ठीक है ना?" त्या दिवशी त्यांनी भावात घासाघीस केली नाही. आजारी माणसाशी कोण करणार?

दाजींना माझ्या चोखण्यावर शंका आली. "तुम्ही चुकीचं ओढताय," असं म्हणत त्यांनी बाटली माझ्याकडून घेतली, निपल स्वतःच्या हाताने पुसलं आणि तोंडात धरलं. आता पुसलं त्या हाताने ते थोड्याच वेळापूर्वी कुतूहलाने मिरचीचा ढीग चाळत होते. पुढचं सांगायला नको. चेहरा मालाच्या रंगाचा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या आणि ते "पाणी, पाणी" करू लागले. पाणी त्यांच्या हातातच होतं. स्वच्छ, पारदर्शक बाटलीत, काठोकाठ. ते जिवाच्या आकांताने ओढत होते आणि निपल आपल्या शब्दाला जागत होतं. एक थेंब गळू देत नव्हतं. डोळ्यांपुढून पाणी चाललंय आणि आपल्याला त्यातलं मिळत नाही म्हणजे काय, हे बाभळीच्या शेतकऱ्याने सांगितलेलं त्यांना आजवर पटलं नव्हतं. हमालाने शेवटी माठातला तांब्या आणून दिला.

मला वाटलं आता हे प्रकरण संपलं. पण तोंड पोळलेला इंजिनिअर अधिक खोलात जातो. त्या रात्री दाजी वाचत बसले आणि सकाळी उठून त्यांनी आम्हाला ऑस्ट्रेलियातल्या डॉना गेडिस या संशोधक बाईंचं काम सांगितलं. या बाईंनी अल्ट्रासाऊंड लावून पाहिलं की आईच्या अंगावर पिताना लेकरू नक्की करतं काय. पुस्तकांत दुधाच्या १५-२० नळ्या छापल्या होत्या. २००५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिलं की प्रत्यक्षात सरासरी ९ च उघडतात. पुढे त्यांनी हेही पाहिलं की लेकराची जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि नेमक्या त्या क्षणी दूध येतं. मधे ते थांबतं, गिळतं, श्वास घेतं. थांबलं की दूधही थांबतं. म्हणजे मुकादम लेकरूच.

"म्हणजे न गळणारं निपल करणं सोपं आहे," दाजी म्हणाले. "बूच लावलं की झालं. आपल्याला हवंय ते मागितलं की देणारं आणि मागणं थांबलं की थांबणारं."

वडील वर्तमानपत्र वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढंच तर आम्ही कोर्टात म्हणत होतो." पण आमच्याकडे दरवाजे उघडायचे ते कॅलेंडर बघून. तहान बघून नाही. त्यावर दाजींनी हिशेब करून सांगितलं की बाभळीच्या पाण्याने पाव लिटरच्या सुमारे ३१,००० कोटी बाटल्या भरतील. वडिलांना हा आकडा इतका आवडला की ते आता टपरीवर टीएमसीत बोलतच नाहीत.

तर दाजींनी निपलाची भिंत टोकाशी पातळ केली, चीर किंचित लांबवली आणि बुडाशी हवेची चोचवाली झडप घेतली. नवं निपल बाटलीवर चढवून बाटली स्टीलच्या ताटावर उलटी टांगली. आम्ही सगळे भोवती बसलो. ताट कोरडं. दाजींनी बाटली हलवली, आडवी केली, कोमट पाण्यातून काढून पुन्हा टांगली. ताट कोरडंच. मग आज्जीने पुढे होऊन दोन बोटांनी निपल दाबलं, तशी बारीक धार ताटात वाजली. बोटं काढली, धार बंद. आज्जी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेळीचं आचळ बी आसंच आसतंय." दाजींनी ही स्तुती म्हणून वहीत लिहून घेतली.

वडिलांच्या डोक्यात लगेच धंदा सुरू झाला. स्टेशनपासून मोंढ्यापर्यंत बोर्ड, लग्नसराईत पत्रिकेबरोबर एक एक निपल फुकट, एखाद्या दवाखान्यात पोस्टर. हे ते बोलत असताना आशाताई भाचीचं वजन करायला आल्या होत्या. त्यांनी पाळण्याच्या कापडासकट लेकरू काट्याला टांगलं, आकडा वहीत लिहिला आणि मान वर न करता म्हणाल्या, "काका, बाटलीची जाहिरात करता येत नाही."

आम्हाला ही थट्टा वाटली. थट्टा नव्हती. १९९२ चा कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. लहान मुलांचं डब्याचं दूध, अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरातच करायची नाही. नमुने फुकट वाटायचे नाहीत, दवाखान्यात पोस्टर लावायचं नाही. मोडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि कारण पटण्यासारखं आहे. जाहिरातीतल्या गुबगुबीत लेकराला भुलून आया अंगावरचं तोडतात, बाटली नीट उकळली जात नाही, आणि लेकरू हगवणीने सुकतं. "अंगावरचं काढून द्यायचं तर वाटी-चमच्यानं द्या," आशाताई म्हणाल्या. "नाहीतर आज्जीचं बोंडलं हाय की." आज्जीने दाजींकडे पाहिलं. सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, साधारण तेच आज्जीच्या चेहऱ्यावर होते.

वडिलांची काळजी वेगळीच. मला बाहेर नेऊन म्हणाले, "चंद्राबाबूला तरी आयटीआयमधे ठेवलं. जावईबापूला धरलं तर कुठं ठेवतील?"

दाजींनी धीर सोडला नाही. जाहिरात नाही करता आली तरी पेटंट घेता येतं. एकट्या माणसाला अर्जाची ऑनलाइन फी १,६०० रुपये, म्हणजे लॅपटॉपच्या दुरुस्तीपेक्षा किती तरी कमी. अर्ज टाकल्यावर तो साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पुढे तपासणी, हरकती, उत्तरं. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क. ताईने हे ऐकून सरळ हिशेब केला. अर्ज छापून येईल तेव्हा लेकरू पेल्याने दूध पीत असेल. उत्तरंप्रत्युत्तरं होईतो बासरला तिचं अक्षराभ्यासम, म्हणजे पहिलं अक्षर गिरवणं, होईल. आणि हक्काची मुदत संपेल तेव्हा तिच्याच लग्नाचं बघत असू. "तिच्या लेकराला उपयोगी पडेल," दाजी म्हणाले. इंजिनिअर लोक दूरचं बघतात.

इकडे भाची या सगळ्या गदारोळात वाटी-चमच्याने मिटक्या मारत दूध प्यायला शिकली होती. चमचा समोरून येताना दिसला की दोन्ही हातांनी तो तोंडाकडे ओढायची. न गळणारं निपल तिने एकदाच हातात घेतलं, कौतुकाने पाहिलं आणि पाळण्याबाहेर टाकून दिलं.

ते निपल कामाला आलं ते वेगळ्याच दारात. आमच्या मागल्या आळीत एका काकांची उस्मानाबादी शेळी आहे. या जातीला जुळी करडं नेहमीची, पण यंदा तिने तीन दिली. शेळीला आचळं दोन. दोघं धाकदपटशाने पुढे आणि तिसरं पाय झाडत बाजूला. काका आमच्या दारात आले आणि संकोचून म्हणाले, "तुमच्या जावयानं कायतरी दूध पाजायचं केलंय म्हनं?"

दाजी बाटली घेऊन धावले. मागून आम्ही सगळे. करडाने निपल वासाने हुंगलं, तोंडात घेतलं आणि शेळीला मारतात तशी बाटलीलाच डोक्याने धडक दिली. एकदा, दोनदा, तीनदा. बाटली उलटली, आडवी झाली, दाजींच्या हातातून अर्धी सुटली. बाहेर थेंब नाही. करडू ओढतंय, झडपेतून बुडबुडे वर जातायत, शेपटीचा पंखा सुरू. थांबलं की दूध थांबतंय. बाटली रिकामी करूनच त्याने तोंड सोडलं. दाजी शेणात गुडघे टेकून बसले होते आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"कायदा फक्त माणसाच्या लेकराला," वडील हळूच म्हणाले. "करडाच्या बाटलीचा बोर्ड लावला तर कोण धरणार?"

काकांनी आणखी दोन निपलं मागून घेतली. पैशाचं काढलं तेव्हा खिसा चाचपून म्हणाले, "आता रोकडा नाही. पण पोतंभर लेंडीखत टाकतो तुमच्या परसात." दाजी नको नको म्हणत होते, पण वडिलांनी त्यांना गप्प केलं. पेटंट मिळायला शोधाचा उद्योगधंद्यात उपयोग दाखवावा लागतो, हे त्यांनी दाजींकडूनच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी पोतं आलं. आईने ते कढीपत्त्याला घातलं. आणि संध्याकाळी टपरीवर दुसरा चहा सांगून वडिलांनी सगळ्यांना ऐकवलं, "आमच्या जावईबापूंची रॉयल्टी सुरू झाली."